फौजदारांची चतुःसीमा

निवृत्ती गावडे यांना पत्ता विचारायची चूक मी आयुष्यात एकदाच केली. त्यांच्या मुलाचं लग्न होतं, मांडव येडगावला होता, आणि मी सहज विचारलं की घर नेमकं कुठं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि डोळे मिटले. पूर्वेस पाटाचा चर, पश्चिमेस चुलतभावाची द्राक्षबाग, दक्षिणेस गाडीरस्ता, उत्तरेस धरणाचं पाणी. या चतुःसीमेच्या आत त्यांचं घर, दार उत्तराभिमुखी, दारात शेवगा. जीपवाल्याला 'गावडे फौजदारांकडं सोड' एवढं सांगून भागलं असतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. मी लग्नाला पोचलो तेव्हा शेवगा मांडवासाठी तोडलेला होता, आणि त्याबद्दल त्यांनी माझी रीतसर माफी मागितली.

खरं तर ते निवृत्त झाले सहायक फौजदार म्हणून. त्यातलं 'सहायक' लोकांनी प्रेमानं गाळलं आणि त्यांनीही ते कधी परत मागितलं नाही. त्याआधी बरीच वर्षं ते जमादार होते, आणि त्यांची चौकी आमच्या भांड्यांच्या दुकानासमोर होती. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात त्या चौकीची शोभा नाही आणि माझी तर त्याहून नाही. पुढं मी दुकान नारायणगावला हलवलं. आम्ही मूळचे मारवाडातले, पण चार पिढ्या इकडंच गेल्या. आता घरात मारवाडी ऐकू येते ती फक्त भांडण निघालं की.

पोलिसांना कुठल्याही जागेचा पंचनामा करायचा तर दोन पंच लागतात, गावातले प्रतिष्ठित. प्रतिष्ठित म्हणजे ज्याचं दुकान चौकीसमोर आहे तो, ही व्याख्या मला गावडेंनी पहिल्याच भेटीत सांगितली. त्यामुळं मी आणि शेजारचा शिंपी, आम्ही दोघं कायमचे प्रतिष्ठित झालो. दुपारी दीडच्या सुमाराला ते कागद घेऊन यायचे. मी गिऱ्हाइकाला पातेलं वाजवून दाखवत असायचो. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातानं सही. अगदी सुरुवातीला मी एकदा कागद वाचायला घेतला, तर त्यांच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं.

"वाचायचं काय त्यात, शेट?" ते म्हणाले. "करा सही."

मला ते लगेच पटलं, आणि पुढं कायम पटत राहिलं. अशा रीतीनं मी गादीवरून न उठता निम्मा तालुका पाहिला. विहिरीत डोकावलो, फोडलेली कुलपं तपासली, उसात लावलेली गांजाची झाडं मोजली, बुडालेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे ओळखले. हे सगळं 'आम्हां पंचांच्या समक्ष' झालं असं त्या कागदांवर लिहिलेलं आहे, आणि खाली माझी ठसठशीत सही आहे. शिंपी बिचारा निदान सही करताना शिलाई मशीन थांबवायचा.

पण माझं सोडा, गावडेंचं सांगतो. बोलायला ते आपल्या गावचे, 'व्हतं' आणि 'न्हाई'वाले. हातात लेखणी आली की मात्र अंगात कुणी जुना कारकून संचारायचा. 'सदर इसम', 'मिळून आला', 'येणेप्रमाणे'. हळूहळू ती भाषा चौकीतून घरी गेली. त्यांची बायको हयात होती तेव्हा मला सांगायची, की जेवताना हे म्हणतात, सदर आमटीत मीठ मिळून आलं न्हाई. अक्षर मात्र मोत्यासारखं, आणि तीन प्रतींखाली काढायचे नाहीत. खिशात पाकीट नसलं तरी चालेल, कार्बन पेपरची घडी पाहिजे.

आणि दिशा. कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्यावर उभे राहून दाराचं तोंड कुठं आहे ते बघणार, मग घरात कोण कोण आहे ते. आमच्या दुकानाच्या पूजेला आलेल्या भटजींना त्यांनी चौरंग तिरका लागलाय हे पुराव्यानिशी दाखवून दिलं होतं. भटजी परत आमच्याकडं आले नाहीत. गावडे म्हणायचे, माणूस खोटं बोलंल, दार बोलत न्हाई. हे वाक्य त्यांच्या तोंडी मी इतक्या वेळा ऐकलं की त्याचा अर्थ लावायचं काम मी केव्हाच सोडून दिलं होतं. तेच वाक्य पुढं माझ्यावर उलटणार आहे, याची कल्पना नव्हती.

त्यांचं विसरणं सुरू झालं हे सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं. झालं असं, की निवृत्तीनंतर सात-आठ वर्षांनी एका बाजारच्या दिवशी ते नारायणगावला माझ्या दुकानात एक सायकल ढकलत घेऊन आले. बेवारस सायकल, म्हणाले, धरणाच्या काठी मिळून आली. रंग हिरवा, घंटी नाही, कॅरिअरला निळी दोरी. पंचनामा तयार होता. त्यांनी पुढं केला, मी सही केली. सायकल तीन दिवस माझ्या पिंपांच्या आणि घंगाळांच्या मध्ये जप्त मुद्देमाल म्हणून उभी होती. चौथ्या दिवशी त्यांची सून मनीषा आली आणि म्हणाली, "काका, आबांची सायकल कुठं दिसली का? हिरवी हाय. तीन दिवस झालं, शोधत्यात."

मी त्या सायकलवरून त्यांना पंधरा वर्षं येताना-जाताना पाहिलं होतं. मनीषानं माझ्याकडं पाहिलं, मग सायकलकडं, मग कागदावरच्या सहीकडं. पोरगी शहाणी, सायकल घेऊन गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि सांगितलं, की हे असंच वाढत जाईल. जुनं उशिरा जाईल, नवं लगेच जाईल.

आता एका सिनेमाचं सांगतो. मनीषानं भल्या हेतूनं लावला होता. सासरे पोलीस, सिनेमा पोलिसाचा, आणि त्यातल्या पोलिसालाही काही आठवत नाही. जोडी जमेल असं तिला वाटलं. मी त्या रविवारी येडगावला त्यांना भेटायला गेलो होतो, म्हणून मलाही बसावं लागलं. हिंदी सिनेमा, अडीच तासांचा. नायक मोठा तपास अधिकारी असतो, खुन्याचा माग काढता काढता डोक्यात फटका बसतो आणि त्याची स्मृती जाते. स्मृती जाते म्हणजे फक्त बायको आणि खुनी एवढंच जातं. मोटारसायकल उडवणं, इंग्रजी, पिस्तूल, व्यायाम आणि डाव्या बाजूचा भांग हे सगळं शाबूत राहतं. गाण्याच्या वेळी पावलंसुद्धा बरोबर पडतात. मग तो घरातल्या भिंतीवर फोटो चिकटवतो, फोटोंना लाल दोरे बांधतो, आणि शेवटी जिन्यावरून पडल्यावर त्याला सगळं एकदम आठवतं. मनीषा म्हणाली, आबांना जिन्यावरून पाडून बघायची आमची तयारी नाही. बरी म्हणाली.

गावडेंचं लक्ष वेगळीकडंच होतं. नायक एका बंगल्यात शिरला तेव्हा ते अस्वस्थ झाले. दुसऱ्या घरात शिरला, कपाटं उचकली, सुरा उचलला, तेव्हा त्यांना राहवेना. ह्याचे पंच कुठायत, असं त्यांनी विचारलं. मग दर पाच मिनिटांनी विचारलं. एवढा मोठा साहेब, दोन प्रतिष्ठित माणसं बरोबर नेत नाही, घराच्या चतुःसीमा लिहीत नाही, आणि नुसत्या दोऱ्यावर माणूस धरतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सिनेमा पुन्हा पाहिला, पहिल्यांदाच पाहिल्यासारखा. मग रोजच. रोज खुनी नवीन. कधी डॉक्टर, कधी नायिकेचा बाप, एकदा तर चहा आणून देणारा. काल तुमी डॉक्टरला धरलं व्हतं, असं मनीषानं सांगितलं की ते म्हणायचे, त्याला सोडून द्या, चुकून धरला. इतक्या सहज चूक कबूल करणारा पोलीस मी दुसरा पाहिला नाही.

पंधरा दिवसांनी मनीषाचा फोन आला. आबांनी त्यांच्या खोलीतली भिंत भरून टाकलीय, तुम्ही या. मी गेलो. लाल दोरा कुठून आणणार, टोमॅटो बांधायची सुतळी होती, ती खिळ्यांना बांधली होती. डाव्या बाजूला एका कागदावर 'किसन' असं लिहिलेलं. उजव्या बाजूला एका कागदावर पेन्सिलीनं काढलेलं दार. आणि मधोमध, जिथं सिनेमात खुन्याचा फोटो असतो, तिथं मोत्यासारख्या अक्षरात माझं संपूर्ण नाव, धंदा भांड्यांचे दुकान.

मी घाबरलो, हे कबूल करतो. कारण किसन कोण हे मला आठवत नव्हतं. ज्याच्या मेंदूचे फोटो निघाले होते त्याला आठवत होतं.

त्यांनी सांगितलं तेव्हा आठवलं. वीस-बावीस वर्षं झाली असतील. नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी चोरीला जात होत्या, मोटार फोडून आतली तांब्याची तार विकायची. तारेचं एक पोतं ओढ्यात सापडलं, आणि जवळून चाललेला घोडेगावच्या वरच्या डोंगरातला एक मजूर सापडला, तो किसन. पोतं ओढ्यात सापडलं म्हटलं तर ते कुणाचंही. किसनच्या घरात सापडलं म्हटलं तर किसनचं. वरून दाब होता, संध्याकाळच्या आत कागद पाहिजे होता. दरड कोसळून डोंगराचा रस्ता बंद होता. तेव्हा दिशांसाठी जीव टाकणाऱ्या या माणसानं आयुष्यात एकदाच न बघितलेलं घर लिहिलं. त्याच आठवड्यात खालच्या एका बागाईतदाराकडं घरफोडी झाली होती. त्या पंचनाम्यातलं घराचं वर्णन जसंच्या तसं उतरवलं, चतुःसीमेतली नावं बदलली, आणि दार राहिलं ते राहिलंच. पश्चिमाभिमुखी. मग दुपारी दीड वाजता कागद माझ्याकडं आला.

किसन अकरा महिने आत होता. जामीन राहायला कुणी नव्हतं. तेवढ्यात त्याची आई गेली. खटल्यात मी पंच म्हणून पिंजऱ्यात उभा राहिलो आणि सही माझीच आहे असं खणखणीत सांगितलं. दार कुठल्या दिशेला होतं असं वकिलानं विचारलं, तेव्हा कागदात लिहिलंय तिकडं, असंही सांगितलं. लोक हसले, मीही हसलो. भोगली तेवढीच शिक्षा ठरवून किसनला सोडलं. वर्षभरानं मोटारी चोरणारी खरी टोळी पकडली गेली, ते गावडेंना कळलं होतं. फाईल बंद झाली होती. त्यांनीही तोंड बंद ठेवलं.

"मला समदं जायच्या आत एक पंचनामा खरा करायचाय, शेट," ते म्हणाले. "पंच तुमीच पायजेत."

मी विचारलं, आता हा कागद कुठल्या कोर्टात देणार? ते म्हणाले, कोर्टात नाही, किसनला देणार. मग मी कारणं दिली. लगीनसराई आहे, गुडघे दुखतात, दुकानात बघायला कुणी नाही. मला वाटलं होतं, आठ दिवसांत ते विसरतील. माझा सगळा भरवसा त्यांच्या आजारावर होता. पण ते रोज सकाळी भिंत बघायचे आणि रोज मनीषाच्या फोनवरून मला विचारायचे. सिनेमातल्या नायकाला जे दोऱ्यांनी साधलं नाही ते यांना सुतळीनं साधलं.

शेवटी गेलो. मनीषा डबा घेऊन बरोबर आली. घोडेगावच्या स्टँडवर डोंगरातल्या एसटीची वाट बघताना त्यांनी मला दोनदा विचारलं, आपण कुठं निघालोय. मी सांगितलं. पंच कोण, म्हणाले. मी म्हटलं, मी. दुसरा? मनीषा. सून पंच कशी चालेल यावर ते थोडे अडखळले, मग म्हणाले, चालंल, ती खोटं बोलत न्हाई. माझ्याबद्दल तसं काही म्हणाले नाहीत.

शेवटच्या थांब्यावरून अर्धा तास चढ. अंगणात हिरडा वाळत घातला होता. किसननं आम्हाला लांबूनच ओळखलं, ते त्याच्या उभं राहण्यावरून कळलं. गावडेंनी त्याला ओळखलं नाही. सदर घराचे मालक कोण, असं विचारलं. किसन म्हणाला, मीच. गावडे दाराला पाठ लावून उभे राहिले. सकाळचं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत गेलं. ते बराच वेळ तसेच उभे होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"दार कवा बदललं?" त्यांनी विचारलं.

"बदललं न्हाई," किसन म्हणाला. "हितं मावळतीला दार कोण करतंय? पाऊस तिकडनं येतो. समदं घर भिजंल."

एवढंच होतं. या डोंगरात मावळतीला दार करत नाहीत हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तिथं एकदा जाऊन उभं राहिलेल्या कुणालाही कळलं असतं. मला लाज वाटली. ती बावीस वर्षांपूर्वी वाटायला हवी होती.

गावडेंनी दोन तास पंचनामा लिहिला. खोली पावलांनी मोजली, चूल, कणगी, टांगलेलं घोंगडं, सगळं लिहिलं. सदर घरात तांब्याची तार मिळून आली नाही, असंही लिहिलं. मग कागद माझ्यापुढं आला. मी खिशातून चष्मा काढून लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा पंचनामा वाचला. चांगला लिहायचे. किसननं आपली प्रत घेतली, घडी केली आणि वाशात खोचली. त्याला ती वाचता येत नव्हती, आणि त्याला तिचं काही करायचंही नव्हतं. त्याच्या बायकोनं कोरा चहा दिला. गावडे आणि मनीषा पुढं उतरायला लागले तेव्हा किसन माझ्याजवळ आला.

"फौजदारांना इसर पडलाय म्हंता," तो म्हणाला. "तुमाला काय झालं व्हतं, शेट?"

रागानं नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. मी उतरायला लागलो.

आठ दिवसांनी मनीषाचा फोन. आबा कपडे करून बसलेत, डोंगरात जायचं म्हणतात. मी म्हटलं, कार्बन प्रत त्यांच्याकडं आहे ना, दाखव की. दाखवली, म्हणाली, ऐकत नाहीत, तुम्हीच या. मी येडगावला गेलो. त्या दिवशी त्यांनी मला ओळखलं नाही. पावणं बसा, म्हणाले. मी प्रत पुढं केली. त्यांनी ती सगळी वाचली, अक्षराला मान डोलावली, दाराच्या दिशेवर बोट ठेवून थांबले. मग खाली माझी सही पाहिली आणि कागद परत केला.

"ह्या पंचाचं काय खरं न्हाई," ते मला म्हणाले. "ह्यो गादीवरनं उठत न्हाई. बसल्या जागी सही करतो."

मी काय सांगणार होतो? मी तोच आहे, आणि या वेळी उठलो होतो, म्हणून? मी चपला घातल्या आणि आम्ही परत गेलो. एकूण चार वेळा गेलो. चारही वेळा त्यांनी विचारलं, सदर घराचे मालक कोण, आणि चारही वेळा किसन म्हणाला, मीच. तिसऱ्या खेपेला त्यानं फौजदारांना लिहायला पाट मांडून ठेवला होता. चौथ्या खेपेला ते दारात उन्हाला तोंड करून उभे राहिले तेव्हा तोही शेजारी येऊन उभा राहिला. माझ्याशी तो पुन्हा कधी बोलला नाही. वाशात चार कागद जमले.

नंतर त्यांना चढ जमेना. मग एसटीची पायरी जमेना. मग भिंतीवरची सुतळी मनीषानं काढली, कारण ते तिच्याकडं बघेनासे झाले. टीव्हीवर तो सिनेमा लागला तरी खुनी कोण हे आता ते सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा ते पडवीत खुर्चीवर होते. समोर धरणाचं पाणी. मांडीवर पाटी, पाटीला चिमट्यानं लावलेला कागद, मध्ये कार्बन, खाली दुसरा कागद. मी नाव सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मनीषानं चहा आणला. खूप वेळानं त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं.

"ह्या दाराचं तोंड कुठं हाय?"

मी उठलो. दारापाशी गेलो, उंबऱ्याला पाठ लावून उभा राहिलो, डावीकडं द्राक्षबाग, उजवीकडं पाटाचा चर पाहिला, आणि सांगितलं की उत्तरेला, पाण्याकडं.

"बगून सांगितलं नव्हं?"

"बघून सांगितलं."

त्यांनी पाटी माझ्याकडं सरकवली आणि पेन पुढं केलं. "आदी वाचा," म्हणाले, "मग करा सही."

मी चष्मा लावला. कागदावर एक अक्षर नव्हतं. तो कोरा कागद मी वरपासून खालपर्यंत वाचला, आणि सही केली.